स्थानिक क्षमता: उशिरा सुचलेलं शहाणपण

जानेवारी १९४९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी शपथविधीच्या भाषणात अविकसित देशांना तांत्रिक ज्ञान पुरवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पुढची तीन-चार दशकं विकास बहुतांशी त्याच वळणाने गेला. तज्ज्ञ बाहेरून यायचे, आराखडा सोबत आणायचे, प्रकल्प उभा करून निघून जायचे. तो चालवायचा कोणी, हा प्रश्न मागाहून. शांततेचं खातं तर वेगळंच, मुत्सद्दी आणि सैनिकांचं. अन्यायी समाजरचना हीसुद्धा हिंसाच, असं शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं, पण मदतसंस्थांच्या कारभारात ते उतरायला फार वेळ लागला.

१९९२ मध्ये रिओच्या वसुंधरा परिषदेत 'अजेंडा २१' या कृती-आराखड्याने क्षमताबांधणीला, म्हणजे स्थानिक माणसं आणि संस्थांना काम स्वतः पेलता येईल अशी तयारी करण्याला, स्वतंत्र प्रकरण दिलं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बुट्रोस घाली यांनी युद्धोत्तर शांतता-उभारणीचा विषय पुढे आणला. कागदावर विकास आणि शांतता हे दोन्ही प्रवाह जवळ आले. डोळे उघडले ते मात्र रवांडामुळे. देणगीदार ज्या देशाचा विकासाचा नमुना म्हणून दाखला देत, तिथेच १९९४ मध्ये नरसंहार झाला. त्याच सुमारास अमेरिकी अर्थतज्ज्ञ मेरी अँडरसन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या अभ्यासातून दिसलं की मदतीचं धान्य कोणाच्या हाती पडतं, नोकऱ्या कोणत्या गटाला मिळतात, यावरूनही वैर वाढतं. शिवाय ऐन लढाईतही माणसं जोडणाऱ्या गोष्टी शिल्लक असतात. त्या बाहेरच्यांना दिसत नाहीत, इतकंच.

ईशान्य केनियातल्या वजीरमध्ये अशा जोडणाऱ्या गोष्टींवर स्थानिक माणसं आधीच काम करत होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सोमाली कुळांमधल्या संघर्षात बाजारातली खरेदी-विक्रीसुद्धा कुळ पाहून होऊ लागली. डेका इब्राहिम अब्दी आणि इतर स्त्रियांनी सुरुवात तिथूनच केली: बाजार सर्वांना खुला राहिला पाहिजे. मग वडीलधारे बोलणीला बसले, तरुण आले, आणि त्यातून वजीरची शांतता व विकास समिती उभी राहिली. प्रशासनही तीत सामील झालं. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी माणसं, मग समिती.

पैशाने मात्र हा क्रम मानलेला नाही. मानवतावादी मदतीचा किमान २५ टक्के निधी २०२०पर्यंत शक्य तितका थेट स्थानिक व राष्ट्रीय संस्थांकडे जावा, असं २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत ठरलं. मुदत उलटली तेव्हा प्रत्यक्ष आकडा त्याच्या आसपासही नव्हता. बहुतेक रक्कम अजूनही मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फतच फिरत होती.