बरणीतला गर्भाशय आतून कच्चा का राहतो?

ऑपरेशनमध्ये काढून सुरगाणा, पेठ, कळवणकडून तपासणीसाठी आलेला गर्भाशय नाशिकच्या लॅबमध्ये उघडतो, तेव्हा बरेचदा हेच दिसतं: बाहेरून राखाडी, घट्ट, सुरी घातली की मध्ये लालसर, मऊ गाभा. त्या भागाच्या स्लाइडवर पेशींची केंद्रकं पुसट येतात, आणि कर्करोगाचं निदान तर त्यांच्यावरच ठरतं.

फॉर्मलिन, म्हणजे ऊती टिकवणारं फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, सुरुवातीला तासाला साधारण १ मिलिमीटर शिरतं, पुढे वेग मंदावतो. दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. शिवाय नुसतं शिरून भागत नाही. पाण्यात फॉर्माल्डिहाइड बहुतांश मिथिलीन ग्लायकॉलच्या रूपात असतं, आणि या रूपात ते प्रथिनांना बांधत नाही. ते ऊतीत पोचलं तरी प्रथिनं बांधली जायला तासन् तास जातात. तोवर गाभ्यातल्या पेशींना त्यांचीच विकरं (एन्झाइम) पचवू लागतात. एप्रिल-मेच्या उन्हात तर फारच झपाट्यानं.

म्हणून मोठा नमुना अख्खा बुडवू नये. गर्भाशय दोन्ही कडांनी पोकळीपर्यंत उघडावा, मध्ये गॉझ ठेवावा. आतडं मेझेंटरीच्या (आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याच्या) समोरच्या बाजूनं उघडून धुवावं, थर्माकोलवर टाचण्यांनी सपाट ताणावं आणि ती पाटी फॉर्मलिनवर उलटी तरंगवावी. फुप्फुसात श्वासनलिकेतून फॉर्मलिन भरावं.

स्तनाच्या नमुन्याला सगळ्यात जास्त जपावं लागतं. शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात त्याचे ५ ते १० मिलिमीटरचे काप फॉर्मलिनमध्ये पडायला हवेत आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवेत. नाहीतर हार्मोन रिसेप्टरची, म्हणजे हार्मोनवरचं औषध लागू पडेल का हे सांगणारी, चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि रुग्णाला लागू पडणारं औषधच हुकतं. पण कापण्याआधी कडांना शाई लावलीच पाहिजे, नमुन्याची दिशा दाखवणारे टाकेही शाबूत हवेत. त्याशिवाय गाठ कडेला भिडली होती का, हे नंतर सांगता येत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये शंका असेल तर सुरी लावण्याआधी पॅथॉलॉजिस्टला फोन करावा.

फॉर्मलिन नमुन्याच्या किमान दहापट, जमल्यास वीसपट घ्यावं. एक लिटरसाठी बाजारातलं तीव्र फॉर्मलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पैसे वाचवायला बफर, म्हणजे आम्लता रोखणारे हे दोन फॉस्फेट, वगळू नये: आम्लधर्मी फॉर्मलिनमुळे रक्ताळ ऊतीत तपकिरी-काळे कण बसतात आणि ते मलेरियाच्या रंगद्रव्यासारखे दिसतात.

डबा रुंद तोंडाचाच हवा. ताजा नमुना अरुंद बरणीत कोंबता येतो, घट्ट झाल्यावर अखंड निघत नाही. लेबल डब्याच्या अंगावर चिकटवावं. झाकणं एकमेकांत बदलतात.