स्वयंजुळणी नॅनोऔषधं

स्वयंजुळणी नॅनोऔषधं म्हणजे अशी औषधं की ज्यांचे रेणू पाण्यात पडले की कुणी जोडून न देता आपले आपण गोळा होतात आणि त्या गोळ्यात किंवा फुग्यात औषध बसलेलं असतं. साइज बहुतेक वेळा 10 ते 200 नॅनोमीटर. नाव भारी आहे पण प्रकार रोजचाच, तेलकट कढई घासताना साबण जे करतो तेच. रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं पाण्याला घाबरतं, मग घाबरणारी शेपटं आत तोंड करून घोळका करतात आणि तेल त्यात अडकतं. याला मायसेल म्हणतात. तेलाच्या जागी पॅक्लिटॅक्सेलसारखं पाण्यात न विरघळणारं केमोचं औषध घातलं की झालं नॅनोऔषध, नाहीतर ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात द्यावं लागतं आणि त्याची काहींना जोरदार अॅलर्जी येते.

घोळक्याऐवजी दुहेरी भिंतीचा फुगा झाला तर तो लायपोसोम. हे फुगे इंग्लंडमध्ये अॅलेक बँगहॅम यांनी 1960 च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. त्यातूनच पुढे लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन आलं, 1995 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, मान्यता दिली. साधं डॉक्सोरुबिसिन लालभडक, कॅन्सरवर चालतं पण हृदयाला मारतं. इथे फुग्यात आधी अमोनियम सल्फेट भरून ठेवतात, औषध आत शिरतं आणि तिथेच स्फटिक होऊन बसतं. वरून पीईजी नावाच्या पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचा कोट, म्हणजे शरीरातल्या पहारेकरी पेशी लगेच पकडत नाहीत. हृदय बऱ्यापैकी वाचतं, पण तळहात-तळपाय सोलवटतात, तर फुकट काहीच नाही! आणि हो, हे सलाईनमध्ये मिसळायचं नसतं, 5% डेक्स्ट्रोजमध्येच.

आपल्याकडे लायपोसोमल हा शब्द घराघरात गेला तो 2021 मध्ये, म्युकरमायकोसिसच्या वेळी, नातेवाईक चिठ्ठी घेऊन अॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या इंजेक्शनसाठी मेडिकल टू मेडिकल फिरत होते. तो आजार बुरशीचा, कॅन्सर नाही, पण फुगा तोच.

माझ्या मते जुळणं सोपं आहे, गाडं अडतं ते पोचण्यावर. ट्युमरच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात म्हणून नॅनोकण तिथे साचतात हे जपानमध्ये 1986 ला मांडलं गेलं आणि सगळे खूश झाले, मग 2016 मध्ये आधीच्या प्रयोगांचा हिशोब मांडला तर दिलेल्या डोसपैकी ट्युमरमध्ये पोचतो मध्यक 0.7 टक्के. बाकीचा बराच माल लिव्हर आणि प्लीहा अडवतात.

कॅन्सर सोडून जिवाणू मारायच्या बाजूला आलं तर मला सगळ्यात आवडणारी आयडिया कॅलिफोर्नियातल्या एम. रेझा घादिरी यांच्या ग्रुपची. पेप्टाइडच्या, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांच्या, कड्या करायच्या, त्या जिवाणूच्या पातळ आवरणात बांगड्यांसारख्या एकावर एक रचल्या जातात, नळी तयार होते, आवरण गळायला लागतं आणि जिवाणू मरतो. 2001 मध्ये एमआरएसए, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जिवाणूचा संसर्ग, झालेले उंदीर त्यांनी यावर वाचवले. दवाखान्यात मात्र आलं साधंच, लायपोसोममधलं अॅमिकासिन हे अँटिबायोटिक, 2018 ला मान्यता मिळाली, टीबीच्या भावकीतल्या एमएसी जिवाणूनं फुप्फुस धरलं आणि नेहमीच्या औषधांच्या सहा महिन्यांनंतरही थुंकीत जिवाणू सापडत असतील तर दिवसातून एकदा नेब्युलायझरनं ओढायचं. आवाज बसतो, खोकला येतो.