बांगडा, बर्फ आणि विकत घेतलेला वेळ

म्हापशाच्या मासळी बाजारात शिरलं की पहिली हाक कानावर येते ती हीच : "बर्फाचें न्हय गो बाय, आयचें आसा!" बर्फातली मासळी म्हणजे शिळी आणि बिनबर्फाची म्हणजे ताजी, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलं आहे. आमच्या शेजारच्या वहिनींना पाटीत बर्फाचा चुरा दिसला की त्या पुढच्या पाटीकडे वळतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी असेच बिनबर्फाचे बांगडे आणले. वेळ सकाळी अकराची, बाजारात घामाच्या धारा, आणि मासा जाळ्यातून निघालेला पहाटे कधीतरी. हुमण, म्हणजे माशाचं कालवण, झकास झालं. पण तासाभरात त्यांचा चेहरा लालबुंद झाला, अंगाला खाज सुटली, डोकं ठणकू लागलं. "मला हल्ली बांगडा सोसत नाही," असा निष्कर्ष घरात निघाला.

बांगडा सोसत नाही असं दरवेळी नसतं. बांगडा, ट्यूना या कुळातल्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेला की त्याच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत राहणारे जीवाणू मांसात पसरतात आणि उबेत त्या हिस्टिडीनचं हिस्टामीन करतात. ॲलर्जी आली की आपलं शरीर जे रसायन सोडतं, तेच हे. ते चवीला किंवा वासाला कळेलच असं नाही, आणि उकळून, तळूनही नष्ट होत नाही. ते होऊ न देणं एवढाच उपाय, आणि त्यासाठी मासा पकडल्या क्षणापासून थंड ठेवावा लागतो. बर्फाविना चार-पाच तास उन्हात बसलेल्या बांगड्यापेक्षा दोन दिवस नीट बर्फात ठेवलेला बांगडा मी डोळे झाकून घेईन.

२०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलीन असल्याच्या संशयावरून गोवा ढवळून निघाला, परराज्यातून येणारी मासळी सरकारने काही दिवस बंदही केली. तेव्हापासून लोक बर्फाकडेही संशयाने बघू लागले, म्हणून फॉर्मेलीन आणि बर्फ यांतला फरक सांगायलाच हवा. फॉर्मेलीन प्रथिनांचे धागे एकमेकांना जखडून टाकतं. प्रयोगशाळेच्या बरणीतला बेडूक वर्षानुवर्षं तसाच राहतो तो त्यामुळे. बर्फ माशात काही घालत नाही. तो माशातली उष्णता काढून घेतो, बस्स. तापमान दहा अंशांनी उतरलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. तीस अंशांवरून शून्यावर आणलं तर आठवा हिस्सा, आणि जीवाणूंची वाढ त्याहूनही मंदावते. आपल्याला अनुकूल अशी आणखी एक गोष्ट आहे. आपल्या उबदार समुद्रातल्या माशांवरचे जीवाणू उबेला सरावलेले असतात, थंडीत ते लुळे पडतात. म्हणून उष्ण कटिबंधातला मासा बर्फात थंड समुद्रातल्या माशापेक्षा सहसा जास्त दिवस टिकतो.

आता बर्फच का, नुसतं गार पाणी का नको? हिशेब शाळेतलाच आहे. ३० अंशांचा १ किलो मासा शून्यावर आणायला साधारण ११० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे किलोभर माशाला सुमारे एक तृतीयांश किलो बर्फ पुरावा. हेच काम शून्य अंशाच्या पाण्याकडून करून घ्यायचं आणि पाणी ५ अंशांपलीकडे तापू द्यायचं नाही म्हटलं, तर ५ किलोंहून जास्त पाणी लागेल. शिवाय बर्फ वितळत असेपर्यंत शून्यावरच थांबतो. वितळण्यात खर्च होणारी ही उष्णता थर्मामीटरवर दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. अठराव्या शतकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने ती ओळखली. प्रत्यक्षात टोपली, हवा, ऊन सगळंच बर्फ खातं, म्हणून आपल्याकडच्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ घ्यावा असा दंडक आहे.

बर्फाचा पहिला मोठा व्यापार यंत्राविना झाला. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून लाकडाच्या भुशात बांधून जहाजात भरायचा. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कोलकात्याला पोचलं, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. चेन्नईच्या मरीनाजवळ त्या बर्फासाठी बांधलेली इमारत आजही उभी आहे. पण हा बर्फ साहेबांच्या पेल्यात गेला. मासळीवर घालण्याइतका स्वस्त तो कधीच नव्हता. त्यासाठी उन्हाळ्यातही, माडांच्या सावलीतही बर्फ करता यायला हवा होता.

मला सगळ्यात आवडणारा भाग इथून सुरू होतो. फ्रीज थंडी तयार करत नाही. थंडी नावाची वस्तूच नसते. असते ती उष्णता, आणि फ्रीज तिची हमाली करतो : आतून उचलतो, बाहेर टाकतो. आताच्या बऱ्याच फ्रीजच्या बाजूच्या भिंतीला हात लावून बघा, गरम लागेल. सकाळी ठेवलेल्या दुधातली आणि आमटीतली उष्णता त्या पत्र्यातून स्वयंपाकघरात येत असते. म्हणूनच मे महिन्यात फ्रीजचं दार उघडं टाकून खोली गार होत नाही. उलट तापते, कारण कॉम्प्रेसर खातो ती वीजही शेवटी उष्णताच होते.

पण उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडे जाते. ती उलट्या दिशेने न्यायची कशी? उत्तर कुकरमध्ये आहे. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे द्रव किती तापमानाला उकळेल हे दाबावर ठरतं, आणि दाब आपल्या हातात असतो. आजच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. साध्या हवेच्या दाबाला तो उणे १२ अंशांना उकळतो. दाब अजून उतरवून जवळपास निम्मा केला तर उणे २५ अंशांनाच उकळू लागतो. आता कल्पना करा, उणे १८ अंशांचा फ्रीझर या उकळत्या द्रवाच्या मानाने गरम आहे! त्यामुळे उष्णता अगदी नियमाप्रमाणे फ्रीझरमधून द्रवात शिरते आणि त्याची वाफ होते. ही वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि हवेच्या सहापट दाबापर्यंत दाबतो. त्या दाबाला तोच वायू ४५ अंशांना द्रव होतो. स्वयंपाकघर ३२ अंशांचं, वायू त्याहून गरम, म्हणून उष्णता पुन्हा नियमाप्रमाणेच वायूतून बाहेर पडते आणि वायूचा द्रव होतो. मग हा द्रव एक मिलिमीटरपेक्षाही बारीक पोकळी असलेल्या लांब तांब्याच्या नळीतून जातो, पलीकडे दाब कोसळतो आणि द्रव पुन्हा उणे २५ ला उकळायला तयार. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर रात्रीच्या शांततेत फ्रीजमधून जी सुस्कारल्यासारखी सळसळ ऐकू येते, ती त्या नळीतल्या द्रवाची.

निसर्गाचा नियम कुठेही मोडला नाही, फक्त दोन ठिकाणी दोन वेगळे दाब ठेवले. यात किती वीज लागावी याचीही सैद्धांतिक मर्यादा आहे. त्यासाठी तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवून घ्यायचं : आतलं २५५, बाहेरचं ३०५. आतल्या तापमानाला दोघांतल्या फरकाने, म्हणजे ५० ने भागा : ५.१. एक युनिट विजेत जास्तीत जास्त पाच युनिटं उष्णता हलवता येते. खरा फ्रीज याच्या निम्मीही गाठत नाही, पण एकाला एकापेक्षा जास्त मिळतं हे बघून पहिल्यांदा मी थक्क झालो होतो. खोली तापली की फरक वाढतो आणि हा आकडा घसरतो, म्हणून फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवू नये.

या चक्राचं पेटंट जेकब पर्किन्सने १८३४ मध्ये लंडनमध्ये घेतलं. धंद्यात उतरवण्याचं मोठं श्रेय १८५० च्या दशकातल्या जेम्स हॅरिसनचं. तो ऑस्ट्रेलियातला वृत्तपत्रवाला. छपाईचे खिळे झटकन उडून जाणाऱ्या ईथरने पुसताना बोटं गार पडतात, यावरून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. पुढे १८८२ मध्ये 'डनीडिन' हे शिडाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन निघालं आणि ९८ दिवसांनी लंडनला पोचलं, माल चांगल्या अवस्थेत. अशा जहाजांमुळे मेंढी जगाच्या एका टोकाला आणि तिचा बाजार दुसऱ्या टोकाला असू शकला.

आपल्या बर्फाच्या कारखान्यांत हेच काम अमोनिया करतो. तो उणे ३३ अंशांना उकळतो आणि त्याची सुप्त उष्णता दांडगी, किलोमागे १३७० किलोज्यूल. ३० अंशांच्या १ किलो पाण्याचा बर्फ करायला ४६० किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे किलोभर अमोनियाची वाफ होताना जवळपास ३ किलो बर्फ. मिठाच्या थंडगार पाण्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले असतात आणि डब्यातलं पाणी कडेकडून आत गोठत जातं. गोठणारं पाणी विरघळलेली हवा आणि क्षार आपल्यात घेत नाही, पुढे ढकलत राहतं. लादी फोडताना बघा : कडा काचेसारख्या स्वच्छ, मधोमध पांढरा धुरकट पट्टा. तो मळ नव्हे, कोंडलेली हवा आणि उरलेले क्षार.

या लाद्या येण्यापूर्वी गोव्याचं अर्थकारण कसं होतं, त्याची खूण पुरुमेंतात आहे. पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, मीठ, मिरच्या, सोलं भरून ठेवायची आणि त्यासाठी जत्रेसारखा बाजार भरायचा. मडगावला अजून भरतो. टिकवायचं तर मुख्यतः वाळवायचं किंवा खारवायचं. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, एकदम तारल्यांचं घबाड लागलं तर गावात वाटूनही उरायचं आणि माडांच्या बुंध्यात खत म्हणून जायचं. माल भरपूर, पण त्याचं आयुष्य संध्याकाळपर्यंत. दुपार कलली की विकणारीला मिळेल तो भाव घ्यावा लागे, कारण रात्र तिच्या विरुद्ध होती.

बर्फाने ती रात्र तिच्या हातात दिली, पण सगळ्यांना सारखी नाही. ज्याच्याकडे बर्फ ठेवण्याचा खण आणि गाडी, त्याला उद्याचा भाव, बेळगावचा भाव, परदेशातला कोळंबीचा भाव बघून थांबता येऊ लागलं. सत्तरच्या दशकात ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, वाढले तेव्हा रापणकार रस्त्यावर उतरले, आणि त्या लढ्यातून १९८० चा सागरी मासेमारीचा कायदा आला. त्या भांडणाच्या चर्चेत इंजिन आणि जाळी येतात, बर्फ येत नाही. मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो. ट्रॉलरला चार-सहा दिवस समुद्रात राहता येतं ते पोटातल्या बर्फाच्या जोरावर. बर्फ नसता तर इंजिन कितीही मोठं असून बोट रोज संध्याकाळी परतलीच असती.

एक बोलून टाकतो. ग्रहणाच्या दिवशी फ्रीजमधल्या भांड्यांवर तुळशीचं पान ठेवायचं किंवा शिजलेलं अन्न टाकून द्यायचं, असं आजही शिकल्यासवरल्या घरांत चालतं. ग्रहणातली सावली बंद फ्रीजमधल्या अन्नाचं काहीही करत नाही. त्याच घरात बांगडे मात्र सकाळपासून ओट्यावर पिशवीत पडलेले असतात. वहिनींना मी हे समजावलं. आता त्या बाजारात जाताना जुन्या डब्यात घरचा बर्फ घेऊन जातात.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. १ ऑगस्टच्या सुमारास जमलं तर पणजीजवळच्या मालीमच्या जेटीवर जाऊन उभे राहा. क्रशरच्या घशात लादी जाते, कडाकडा आवाज होतो आणि घसरगुंडीवरून पांढरा चुरा बोटीच्या पोटात कोसळत राहतो. खलाशी फावड्याने तो खणांत दाबून बसवतात. पकडलेली मासळी अजून एकही नसते, तरी मांडवीतून बाहेर पडणारी बोट वजनाने पाण्यात चांगली खाली बसलेली असते.