फिश टँकचा फिल्टर निवडताना

टाकीतले पाणी अगदी नितळ दिसत असतानाही मासे दगावू शकतात, कारण त्यांचा जीव घेणारा अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मासे तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकत असतात; उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भरच पडते. त्यामुळे फिल्टर घेताना पाणी किती चकचकीत होईल, यापेक्षा या अमोनियाचा फडशा पाडणाऱ्या जिवाणूंना त्यात किती जागा आणि किती प्राणवायू मिळेल, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

हे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून वाढतात. त्यांच्यातला एक गट अमोनियापासून नायट्राइट तयार करतो आणि दुसरा नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी असे नायट्रेट करतो. मधले नायट्राइटही घातकच असते, कारण ते माशाच्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घालवते. ही जिवाणूंची वस्ती स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तिला प्राणवायू भरपूर लागतो: अमोनियाच्या रूपातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो.

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशी टाकी काठोकाठ भरली, तर तिच्यात ५४ लिटर पाणी मावते. अशा टाकीत गप्पी, मॉली किंवा एखादा फायटर ठेवायचा असेल, तर एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरेसा होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. नळीतून वर चढणारे बुडबुडे आपल्याबरोबर पाणीही वर नेतात, त्याची जागा घेण्यासाठी आजूबाजूचे पाणी स्पंजमधून आत खेचले जाते आणि स्पंजच्या असंख्य छिद्रांत वसलेल्या जिवाणूंपर्यंत अमोनिया व प्राणवायू एकदमच पोहोचतात. ओढ सौम्य असल्याने गप्पीची पिल्ले त्यात खेचली जात नाहीत. मात्र पंपाची घरघर रात्री जाणवते आणि बारीक गाळ यात नीटसा अडकत नाही.

गोल्डफिशचे गणित वेगळे आहे. या माशाला जठरच नसते. तो दिवसभर खात राहतो आणि तितकीच घाणही करतो. त्याच्यासाठी मोठी टाकी आणि काठावर टांगायचा दमदार फिल्टर किंवा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घ्यावा. टाकीतले पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून जावे, हा ढोबळ नियम आहे. पण खोक्यावरचा लिटरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो आणि आत स्पंज, सिरॅमिकचे तुकडे व गाळ साठला की प्रवाह बराच घटतो, हे धरूनच हिशेब करावा.

जिथे वीज वारंवार जाते, तिथे कॅनिस्टर घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. बंद डब्यातले जिवाणू तिथला प्राणवायू काही तासांत संपवतात, मग ते मरू लागतात आणि वीज आल्यावर तेच नासके पाणी टाकीत येते. म्हणून वीज बराच वेळ गेली असेल, तर डबा रिकामा करून, आतले साहित्य टाकीच्याच पाण्यात विसळून मगच तो सुरू करावा. स्पंज फिल्टर टाकीतच उघडा असतो आणि त्याचा पंप बॅटरीवरही चालवता येतो. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल, तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर वीज जाताच पाणी उलटे पंपात उतरते.

विक्रेते आग्रहाने देतात तो कोळसा रंग, वास आणि औषधांचे अंश शोषतो. अमोनिया त्याला दाद देत नाही. गोड्या पाण्यातला अमोनिया झिओलाइट हे सच्छिद्र खनिज धरून ठेवते खरे, पण आपल्याकडे अनेक जण टाकीत खडेमीठ टाकतात आणि त्या मिठामुळे धरलेला अमोनिया पुन्हा पाण्यात सुटतो.

स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो पिळावा. निघणारा तपकिरी गाळ फेकावा आणि स्पंज थोडा मळकट राहिला तरी राहू द्यावा. फिल्टर बदलायचाच असेल, तर नवा आणि जुना असे दोन्ही महिनाभर एकाच टाकीत चालवावेत आणि त्यानंतरच जुना काढावा.