नवोपक्रम आणि कृतिसंशोधन: अहवाल सारखे, काम वेगळं

शिक्षकांच्या नवोपक्रम स्पर्धेचं पत्रक आलं की स्टाफरूममध्ये जुन्या फायली बाहेर निघतात. बी.एड.ला केलेलं कृतिसंशोधन, म्हणजे वर्गातल्या एखाद्या अडचणीचा शिक्षकानंच केलेला अभ्यास, झाडूनपुसून, नवं मुखपृष्ठ लावून रवाना होतं. सगळा दोष शिक्षकांचा नाही. गरज, उद्दिष्टं, कार्यवाही, निष्कर्ष ही मथळ्यांची रांग दोन्हीकडे जवळपास सारखीच, त्यामुळे कागदावर दोन्ही जुळी भावंडं दिसतात.

वर्गात मात्र ती लगेच ओळखू येतात. समजा, ऐरोलीतल्या एका शाळेत काही मुलांची हातच्याची वजाबाकी चुकते. बाईंनी वर्गात दुकान मांडलं, दहाची नोट मोडून सुट्टे द्यायला लावले, मुलं रमली. हा नवोपक्रम. त्यात बाईंची कल्पना आधी येते, आणि ती त्या शाळेला नवी असली की पुरे.

कृतिसंशोधनात आधी वह्या उघडायच्या. ५२ वजा २७ चं उत्तर दोघांनी ३५ लिहिलंय. एकानं सरळ मोठ्या अंकातून लहान अंक काढला, सातातून दोन. दुसऱ्यानं दशक मोडला, बारातून सात बरोबर काढले, पण पाचाचे चार करायला विसरला. चुका दोन, उत्तर एकच! आता ५३ वजा २७ द्या: पहिला ३४ लिहील, दुसरा ३६. दुकानाचा खेळ पहिल्याला उपयोगी पडेल. दुसऱ्याला नोट मोडता येतेच, ती गेल्याची नोंद तेवढी राहते. हे कळल्यावर कृती परिकल्पना, म्हणजे ‘असं केलं तर ही चूक कमी होईल’ हा अंदाज मांडायचा, पूर्वचाचणी घ्यायची, उपाय करायचा, मग उत्तरचाचणी. ‘फरक पडला नाही’ हाही इथे प्रामाणिक निष्कर्ष असतो. नवोपक्रमाच्या अहवालात असं वाक्य शोधून दाखवा!

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची मांडणी केली ती सामाजिक प्रश्नांसाठी. अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी ते शाळांत रुजवलं, त्यांचं यावरचं पुस्तक १९५३ चं. शिक्षकानं स्वतःच्याच कामाचा अभ्यास करावा, हा त्यांचा आग्रह.

म्हणून कृतिसंशोधनाचा निष्कर्ष त्या वर्गापुरता. नवोपक्रम मात्र पसरावा अशी अपेक्षा असते, आणि तिथे मुख्याध्यापकांचा आणि आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा कस लागतो. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत टाळ्या मिळवलेला उपक्रम शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या शाळेत जसाच्या तसा नेला, आणि तिथली निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असली, तर दुकान मांडणार कोणासाठी? फक्त फोटो मागणाऱ्या साहेबांना फोटोच मिळतात, तेही झकास.

दुकान आवडलं असेल तर पुढच्या वर्षी त्याचंच कृतिसंशोधन करता येतं. एका तुकडीत दुकान, दुसरीत नेहमीचा सराव, आधी आणि नंतर दोन्हीकडे एकच चाचणी. त्यात ५३ वजा २७ असू द्या.