आधी भाडेकरू हलवा, मग लिहा

लॅमिंग्टन रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मंद झालेला फोन नेला की सल्ला ठरलेला असतो: "बॅकअप घ्या, फॉरमॅट मारतो, मक्खन चालेल." आणि बरेचदा तो खरा ठरतो. आता प्रोसेसर तोच, रॅम तीच, मेमरीची चिपही तीच. मग नुसतं पुसल्यानं फोन सुटतो कसा? नको असलेली अ‍ॅप्स गेली हे एक कारण आहेच; पण दुसरं कारण त्या चिपवर लिहिण्याच्या एका आडमुठ्या नियमात आहे.

तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली जगासमोर मांडलेली नँड फ्लॅश ही मेमरी आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. तिच्यात माहिती काही किलोबाइटच्या पानांवर लिहिली जाते. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. आणि एकटं पान पुसता येत नाही. शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. पान वाचायला काही दहा मायक्रोसेकंद, लिहायला काहीशे मायक्रोसेकंद, पण ब्लॉक पुसायला काही मिलिसेकंद. त्यातही प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो, मग तो झिजतो.

मुंबईकराला यातली अडचण चटकन कळावी. चाळीचा पुनर्विकास करायचा तर तिसऱ्या मजल्यावरची एक खोली पाडून भागत नाही. चाळ पूर्ण रिकामी व्हावी लागते, आणि जे भाडेकरू अजून राहताहेत त्यांची आधी संक्रमण शिबिरात सोय लावावी लागते. ब्लॉकमधली कामाची पानं म्हणजे हे भाडेकरू. ती दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय ब्लॉक पुसता येत नाही. या हलवाहलवीला गार्बेज कलेक्शन म्हणतात, आणि फोन अडखळतो तो बरेचदा तिच्यापायी.

हिशोब साधा आहे. पुसायला निवडलेल्या ब्लॉकमधली निम्मी पानं जिवंत असतील तर नव्या प्रत्येक पानामागे चिपवर दोन पानं लिहिली जातात. ८० टक्के जिवंत असतील तर पाच, ९० टक्के असतील तर दहा. मेमरी गच्च भरत आली की फोन हळूहळू नव्हे, एकदम ढेपाळतो, त्याचं गणित हेच.

बरं, जिवंत कोण हे चिपला कळायला हवं ना! तुम्ही फोटो उडवता तेव्हा फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची वही ठेवणारी यंत्रणा, फक्त त्या वहीतली नोंद खोडते. ही हलवाहलव करणाऱ्या, चिपमधल्या कंट्रोलरला कुणी सांगितलंच नाही, तर तो बिचारा कायमचे गावी निघून गेलेले भाडेकरूही या चाळीतून त्या चाळीत हलवत बसतो. हे सांगण्याच्या आज्ञेला डिस्कार्ड किंवा ट्रिम म्हणतात. फोन वापरात नसताना ती आपोआप देण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१३ साली, ४.३ आवृत्तीत आली. फॉरमॅटनंतर फोन सुटतो त्यामागे हेही आहे: हलवायला कुणी उरतच नाही.

एवढं कळलं की फाइल सिस्टिमनं काय करायला हवं ते दिसतं. जुन्या जागी दुरुस्ती करायची नाही, जे येईल ते ओळीनं पुढे लिहीत जायचं. ही कल्पना फ्लॅशसाठी नव्हतीच. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन औस्टरहाउट यांनी ती १९९०च्या सुमारास फिरत्या डिस्कसाठी उभी केली. फोनपर्यंत ती ठळकपणे आणली सॅमसंगच्या एफटूएफएस या फाइल सिस्टिमनं; अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्सच्या ३.८ आवृत्तीत, २०१३ साली ही फाइल सिस्टिम दाखल झाली.

ओळीनं लिहिणं सोपं आहे. खरं कसब आहे शेजारी निवडण्यात. क्षणाक्षणाला बदलणारी डिरेक्टरीची, म्हणजे फोल्डरची, नोंद आणि वर्षानुवर्षं न हलणारा लग्नाचा व्हिडिओ एकाच ब्लॉकमध्ये पडले, तर नोंद लगेच निकामी होते आणि व्हिडिओ तिथेच ठाण मांडून बसतो. म्हणून एफटूएफएस एका वेळी सहा वेगळ्या ओळी चालवते: फाइलींची माहिती आणि त्या माहितीचे पत्ते, दोन्हींचे गरम, कोमट आणि थंड असे तीन-तीन वर्ग. लवकर बदलणारं सगळं एकत्र राहिलं की तो ब्लॉक आपोआप जवळजवळ रिकामा होतो, आणि वरच्या हिशोबातले दहा दोनाच्या जवळ येतात. थंड काय हे ओळखायची एक युक्ती तर अगदीच गावठी आहे: फाइलीच्या नावाची शेपटी बघायची. जेपीजी किंवा एमपीफोर दिसलं की थंड! मला ही युक्ती फार आवडते, कारण ती बहुतेक वेळा बरोबर येते.

आणि जागा अगदीच संपत आली तर? मोकळे भाग ५ टक्क्यांच्या खाली गेले की एफटूएफएस ओळीनं लिहायची शिस्त सोडते आणि अर्धवट भरलेल्या जागांतली भोकं बुजवत लिहू लागते. विखुरलेलं लिहिणं वाईट, पण त्या घडीला हलवाहलव त्याहून महाग पडते.

मोठ्या फाइली मात्र या गोष्टीतल्या खऱ्या खलनायिका नाहीत. सीसीटीव्हीचं अखंड चित्रण चिपला उलट सोयीचं. तोंडाला फेस आणतात ती चिमुकली लिखाणं. मेसेज आला की एसक्यूलाइट, म्हणजे अ‍ॅपची माहिती सांभाळणारा डेटाबेस, काही किलोबाइटसाठी आधी जर्नलमध्ये (मधेच काही बिघडलं तर सावरायला ठेवलेल्या वहीत) लिहितो, मग खऱ्या जागी, आणि दर वेळी "चिपवर पक्कं उतरलं का?" असं विचारून थांबतो. या विचारण्याला एफसिंक म्हणतात. एफटूएफएस त्या वेळी सगळा ताळेबंद न लिहिता फक्त त्या फाइलीच्या पत्त्यांचं पान खूण करून लिहिते. मधेच बॅटरी गेली तर खुणा शोधत पुढची माहिती जुळवून घेते. २०१५ साली तिच्या कर्त्यांनी छापलेल्या मोजमापात, ईएक्सटीफोर या जुन्या फाइल सिस्टिमच्या तुलनेत फोनवर एसक्यूलाइटचा वेग दुपटीपर्यंत गेला होता. पुढे २०१७ साली एसक्यूलाइटनंही हात पुढे केला: फाइल सिस्टिम सगळं एकदम किंवा काहीच नाही अशा तऱ्हेनं लिहिण्याची हमी देत असेल, तर तो वेगळं जर्नल लिहीतच नाही.

त्याच वर्षी लिनक्सच्या ४.१३ आवृत्तीत आणखी एक सोय आली. ही माहिती अल्पायुषी आहे की दीर्घायुषी, हे अ‍ॅपलाच लिहिताना सांगता येतं. शेपटी बघून अंदाज बांधण्यापेक्षा हे केव्हाही बरं, फक्त ते सांगायची तसदी अ‍ॅप लिहिणाऱ्यानं घ्यायला हवी.