मंत्रचळ: हात धुऊन होतात, संशय जात नाही

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसणाऱ्या आपल्या भागात घरातल्या एकानंच हात धुण्यात टिपाड रिकामं केलं, तर भांडण होणारच. ‘लई सोवळं झालंय’ म्हणून टोमणे बसतात. पुन्हा पुन्हा हात धुवायला लावणारा हा मनाचा आजार एरवी वर्षानुवर्षं न्हाणीत लपून राहतो. आपल्याकडं पाणी त्याची चहाडी करतं.

डॉक्टर त्याला ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. मराठीत त्यासाठी मंत्रचळ हा शब्द आहे.

सोवळं वेगळं. सोवळ्यातली आजी आंघोळ झाली की निवांत पूजेला बसते. मंत्रचळ झालेल्याचं ‘झालं’ कधी होतच नाही. हात स्वच्छ दिसतात, पण मन मानत नाही. कडी लावलेली असते, तरी फाट्यावरून परत येऊन ओढून बघावी लागते. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर याला ‘संशयाचं वेड’ म्हणत. मला तेच नाव जास्त नेमकं वाटतं.

आधी नको असलेला विचार घुसतो, जीव घाबरा होतो. मग धुणं, तपासणं, मोजणं. त्यानं घटकाभर बरं वाटतं आणि गोम तिथंच आहे: ‘धुतलं म्हणून सुटलो’ हे मेंदू शिकतो, पुढच्या वेळी ओढ आणखी वाढते.

काहींच्या बाबतीत तर बाहेरून काहीच दिसत नाही. तुळजापूरच्या रांगेत उभ्या भाविकाच्या मनात देवीबद्दल घाण शब्द येतात. बाळंतिणीला विळी दिसली की बाळाला आपल्याच हातून काही होईल, असं चित्र डोळ्यांपुढं येतं. मग मनातल्या मनात १०८ वेळा जप. एक चुकला की पहिल्यापासून. लाजेनं हे कुणी बोलत नाही. असे विचार निरोग्यांच्याही मनात येऊन जातात, हे १९७८ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. निरोगी माणसं ते विचार झटकून टाकतात. मंत्रचळ असलेला मात्र त्या विचारानं हादरतो, स्वतःलाच पापी समजतो.

यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल किंवा शाळा, शेत, नोकरी अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. गोळ्यांचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणारे बरेच. दुसरा उपाय १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी मांडलेल्या पद्धतीतून आला: तज्ज्ञाच्या मदतीनं, सोप्यापासून सुरुवात करत, कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढते, न धुता थांबलं तर बहुतेक वेळा आपोआप उतरते.

घरच्यांना यात एक अवघड काम असतं. ‘झाले ना गं हात स्वच्छ?’ असं दहाव्यांदा विचारल्यावर ‘हो’ म्हणणं सोपं, पण त्या ‘हो’नंही संशयालाच खतपाणी मिळतं. उत्तर कसं आणि किती कमी करायचं, तेही उपचार करणाऱ्यालाच विचारून ठरवावं. जवळपास डॉक्टर नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतून बोलता येतं.